रंगवलेल्या सावल्या

“मामा, मी घाबरलोच नाही की,” असे म्हणून माझ्या भाचीने फोन टेबलावर पालथा ठेवला. तिच्या आवाजात तक्रारीपेक्षा निराशा अधिक होती. सगळ्या जगाला घाबरवलेला एखादा जुना पिक्चर सांग, असे तिनेच मला विचारले होते आणि मी जराही न थांबता १९४२ सालच्या ‘कॅट पीपल’चे नाव घेतले होते. तिने तो पाहिला, अगदी शेवटपर्यंत पाहिला; पण भर दुपारी, खिडकीजवळ बसून, तळहाताएवढ्या पडद्यावर, फोनच्या बारीक आवाजात आणि खालून कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतली नेहमीची वर्दळ कानांवर येत असताना. “त्यात काही दाखवतच नाहीत. त्या बाईचं मांजर होताना एकदापण दाखवत नाहीत. नुसत्या सावल्या बघत बसायच्या?” एवढे बोलून ती क्लासला निघून गेली. मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो. तिचे म्हणणे खोटे नव्हते. त्या सिनेमात खरोखरच बाईचे मांजर होताना दिसत नाही. मला सलत होते ते वेगळेच: जे मी आयुष्यभर त्या सिनेमाचे ऐश्वर्य समजत आलो, तेच तिला उणे वाटले होते, आणि त्या क्षणी तिला समजावून सांगायला माझ्यापाशी एकही धड वाक्य नव्हते.

माझे वडील शाळेत विज्ञान शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी आसपासच्या गावांत अंधश्रद्धेविरुद्धचे कार्यक्रम करीत. मी लहानपणी त्यांच्याबरोबर जात असे. देवळासमोरच्या पटांगणात दिवेलागणीला माणसे जमत, बायका एका बाजूला ओसरीवर बसत, आणि अण्णा मधोमध उभे राहून काडेपेटीला हात न लावता समिधा पेटवून दाखवत. पहिल्यांदा सगळे पटांगण एकदम मागे सरकत असे. धुराचा तो तिखट वास, पुढच्या रांगेतल्या पोरांचे विस्फारलेले डोळे आणि मागून कुणीतरी पुटपुटलेले देवाचे नाव मला अजून आठवते. मग अण्णा पोटॅशियम परमँगनेटची जांभळी पूड आणि ग्लिसरीनची बाटली वर धरून सगळा प्रकार सावकाश पुन्हा करीत आणि तिसऱ्या वेळी गर्दीतल्याच एखाद्या मुलीच्या हातून करवून घेत. युक्ती कळली की भीती जाते, हे त्यांचे ठरलेले वाक्य होते आणि ते खरे होताना मी पाहिले आहे. पण हेच अण्णा शनिवारी रात्री मला शेवटच्या खेळाला घेऊन जात, तेही बहुतेक वेळा भुताच्या सिनेमाला. टॉकीजमधून बाहेर पडून पेठेतल्या अंधाऱ्या बोळातून घराकडे येताना त्यांचा हात माझ्या हातावर जरा जास्तच घट्ट होत असे. मी कधी विचारले नाही, त्यांनी कधी सांगितले नाही.

भुतावर काडीचाही विश्वास नसलेला माणूस भुताचा सिनेमा पाहायला का जातो?

भाचीच्या त्या वाक्याने हा जुना प्रश्न पुन्हा वर आला, आणि त्याचे उत्तर शोधायचे तर ‘कॅट पीपल’पासूनच सुरुवात करायला हवी. हा सिनेमा हात आखडून केलेला आहे. आर.के.ओ. स्टुडिओने निर्माता व्हॅल ल्यूटन याला आधी नाव दिले आणि त्या नावाला शोभेल असा स्वस्तातला भयपट करायला सांगितले. नवे सेट उभारण्याइतके पैसे नव्हते, म्हणून ऑर्सन वेल्सच्या ‘द मॅग्निफिसंट अँबरसन्स’साठी बांधलेला भव्य जिना नायिकेच्या इमारतीत वापरला गेला. मांजराचा मुखवटा चढवलेली बाई दाखवली तर लोक हसतील, हे ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक तुर्नर या दोघांनाही पक्के ठाऊक होते. त्यातला एक प्रसंग मी कितीही वेळा पाहिला तरी माझे खांदे आपोआप आक्रसतात. एक तरुणी रात्री बागेच्या दगडी भिंतीला लागून एकटी घरी निघाली आहे. दिव्याखाली उजेडाचे एक वर्तुळ, मग काळोख, मग पुन्हा वर्तुळ. संगीत नाही. ऐकू येतात फक्त उंच टाचांचे आवाज, आणि थोड्या वेळाने आपल्या लक्षात येते की टाचा दोन जोड्यांच्या आहेत. मग मागची जोडी थांबते. ती पावले का थांबली, हे दाखवले जात नाही. तरुणी मागे पाहते, झपाझप चालू लागते, पळू लागते, आणि कानाशी एक हिंस्र फुत्कार येतो. तो असतो बसच्या ब्रेकचा. बस पडदा व्यापून उभी राहते, दार उघडते, चालक शांतपणे पाहत असतो.

संकलक मार्क रॉबसनने जुळवलेल्या त्या क्षणाला सिनेमाच्या धंद्यात पुढे ‘ल्यूटन बस’ हेच नाव पडले. फ्रिजचे दार मिटताच मागे उभा दिसणारा माणूस, खांद्यावर अचानक पडणारा मित्राचा हात, कपाटातून उडी मारणारे मांजर, हे सगळे त्या एका बसचे वंशज आहेत, आणि ते आज भयपटांपुरतेही राहिलेले नाहीत. प्रेमकथेत, गुन्हेकथेत, मालिकेतसुद्धा ते सर्रास भेटतात. फरक इतकाच की वंशजांना बहुधा फक्त दचका आठवतो. त्याआधी ऐकवलेली पावले आठवत नाहीत. तुर्नरने त्या पावलांना भरपूर वेळ दिला आहे. माझ्या भाचीच्या फोनवर त्या टाचा ऐकूच आल्या नसणार, आणि टाचा वजा केल्या तर त्या प्रसंगात उरते ती फक्त रस्त्याने चालणारी एक बाई. तिला काहीच दाखवले नाही हे खरे. पण तिला जे ऐकवले होते तेही वाटेतच हरवले होते.

माझ्या मनात भयपटांचा इतिहास नेहमी १९२० सालापासून सुरू होतो, आणि त्या सालात माझ्यासाठी बर्लिन आणि कोल्हापूर ही दोन गावे शेजारी शेजारी उभी असतात. बर्लिनमध्ये त्या वर्षी ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी’ आला. दिग्दर्शक रॉबर्ट व्हीने असला तरी त्या सिनेमाचा चेहरा घडवला तो हेरमान वार्म, वाल्टर रायमान आणि वाल्टर र्‍योरिग या तीन चित्रकार-नेपथ्यकारांनी. त्यांनी कापडावर वाकडी घरे रंगवली, कलत्या खिडक्या रंगवल्या, आणि सगळ्यांत धाडसाची गोष्ट म्हणजे सावल्या आणि उजेडाच्या तिरिपासुद्धा रंगानेच काढल्या. दिव्याने पाडायची सावली ब्रशने पाडली. त्यामुळे त्या गावात फिरणारी माणसे एखाद्या आजारी मनाच्या आतून फिरत असल्यासारखी वाटतात, आणि अखेरीस कथाही नेमके तेच सांगते. त्याच वर्षी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. तो करणारे बाबूराव पेंटर हेही पडदे रंगवणारेच होते. संगीत नाटकांचे राजवाडे, अरण्ये आणि रस्ते त्यांनी आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी कापडावर उभे केले होते. देशी कॅमेरा घडवण्याचे स्वप्नही त्या दोघांचे होते. आनंदराव ते अर्धवट सोडून गेले आणि बाबूरावांनी ते पुरे केले. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. तिथून जाताना मला दर वेळी वाटते की, हजारो मैल दूर असलेल्या, एकमेकांचे नावही न ऐकलेल्या या पडदे रंगवणाऱ्यांना एकाच वर्षी कळले होते की कॅमेऱ्यासमोर रंगवलेल्या खोट्या जगात खरी भीती निर्माण करता येते.

मात्र बाबूरावांची वाट उलटी होती. ‘सैरंध्री’तला कीचकवध त्यांनी इतका हुबेहूब उतरवला की तो पाहणे लोकांना असह्य झाले आणि अखेर सेन्सॉरने तो भाग कापायला लावला. महाभारतातला हा प्रसंग कीर्तनातून आणि नाटकांतून घराघरांत ठाऊक होता. कीचक मरणार हे माहीत नसलेला प्रेक्षक शोधून सापडला नसता. तरीही लोक हादरले. म्हणजे पुढे काय होणार हे माहीत असण्याने भीती कमी होत नाही, हे आपल्या गावातल्या कारागिराने तेव्हाच सिद्ध करून ठेवले होते. दाखवावे की न दाखवावे, हा पुढची शंभर वर्षे भयपटांत चाललेला वाद आहे, आणि त्याची एक बाजू इथे, कोल्हापुरात मांडली गेली होती, ही गोष्ट मला अतिशय अभिमानाची वाटते. दुःख एवढेच की तो सिनेमा आज उरलेला नाही. कॅलिगारीचे वाकडे गाव मी हवे तेव्हा पाहू शकतो; बाबूरावांचा कीचक मला कधीच दिसणार नाही. मला तो फक्त सांगोवांगी माहीत आहे, जसा लहानपणी आजीच्या गोष्टींतला वेताळ माहीत होता.

नष्ट होणे काय असते हे ‘नोस्फेरातू’लाही ठाऊक आहे. जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊने १९२२ साली तो केला तेव्हा ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीची कथा परवानगीवाचून घेतली होती. स्टोकरची पत्नी न्यायालयात गेली, निर्मिती संस्थेचे दिवाळे निघाले, आणि सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती त्यातून वाचल्या, म्हणून आज आपल्याला जिन्यावरून चढत जाणारी ती सावली दिसते: कुबड, लांबलचक बोटे, दाराकडे जाणारा हात, आणि मग बाईच्या छातीवर मिटणारी सावलीचीच मूठ. स्टोकरच्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाउजेडी रस्त्यावर फिरतो. सूर्यकिरणांनी पिशाच विरून जाते ही कल्पना मुर्नाऊच्या सिनेमातून आली, आणि आता जगातल्या कुठल्याही मुलाला विचारले तरी ते हेच सांगेल. एका न्यायालयाने मरणाची शिक्षा दिलेल्या सिनेमाने दंतकथेचाच नियम बदलून टाकावा, यापेक्षा मोठा प्रभाव कोणता असू शकतो?

ती जर्मन सावली आपल्याकडे पोहोचायला फार काळ लागला नाही. कोल्हापुरात १९२९ साली जन्मलेली ‘प्रभात’ १९३३ मध्ये पुण्याला गेली, आणि त्याच सुमारास पुन्हा एकदा ‘सैरंध्री’च्याच, या वेळी रंगीत ‘सैरंध्री’च्या कामासाठी व्ही. शांताराम जर्मनीला गेले. तिथून आल्यावर त्यांनी १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ केला. त्यातला मशालींच्या उजेडातला देवीचा गाभारा आणि पडदाभर पसरलेला राजगुरूचा तो एक डोळा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना मी काय म्हणतो आहे ते कळेल. हिंदी आवृत्तीत तो डोळा चंद्रमोहनचा आहे. ‘अमृतमंथन’ भयपट म्हणून ओळखला जात नाही, पण भयपटाची भाषा पूर्ण आत्मसात केल्याशिवाय तसा डोळा दाखवता येत नाही. दुसऱ्या वाटेने आला तो योसेफ व्हिर्शिंग. म्युनिकहून आलेला हा छायाचित्रकार बॉम्बे टॉकीजमध्ये रमला, दुसऱ्या महायुद्धात जर्मन म्हणून त्याला नजरकैद झाली, आणि सुटल्यावर त्याने कमाल अमरोहींच्या १९४९ च्या ‘महल’वर प्रकाश टाकला, किंवा खरे तर अंधार टाकला. झोपाळ्यावरची मधुबाला आपल्याला आठवते. पण मला तिच्याइतकेच आठवतात ते झुंबराखालचे रिकामे दालन आणि कुठून येतो ते न कळणारा आवाज. ‘आयेगा आनेवाला’च्या सुरुवातीसाठी लताबाईंना माइकपासून लांब उभे करून गात गात हळूहळू जवळ यायला सांगितले होते, ही आठवण त्यांनीच सांगितलेली आहे. ऐन उमेदीची काही वर्षे कोल्हापुरात काढलेल्या त्या मुलीच्या चालत येण्याने हिंदी सिनेमातले भूत जन्माला आले. त्यानंतर किती नायिका पांढऱ्या साडीत, धुक्यात, अर्धवट ऐकू येणारे गाणे गात फिरल्या, याची गणती करण्याचे कारण नाही.

‘सायको’बद्दल इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यात आवरतो. हिचकॉकने १९६० मध्ये तो आपल्या दूरदर्शन मालिकेच्या मंडळींना हाताशी धरून, कृष्णधवल, काटकसरीत केला. न्हाणीघरातला तो प्रसंग जेमतेम ४५ सेकंदांचा आहे, आणि त्याच्या चित्रीकरणाला सात दिवस लागले. रक्ताच्या जागी चॉकलेटचे सिरप होते, आणि सुऱ्याचा आवाज खरबूज भोसकून मिळवला होता. हिचकॉकला तिथे संगीत नको होते; संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही ते लिहिले, फक्त तंतुवाद्यांवर, आणि ते ऐकून हिचकॉकने आपला विचार बदलला. हे सगळे मला ठाऊक आहे. खरबुजाची गोष्ट मी कितीतरी मित्रांना सांगितली आहे. तरीही व्हायोलिनच्या तारा किंचाळू लागल्या की माझ्या पोटात खड्डा पडतोच. अण्णांच्या जांभळ्या पुडीचे रहस्य कळल्यावर गावकऱ्यांची भीती जात असे. हरमनच्या तारांचे रहस्य कळून माझी भीती गेली नाही, उलट जाणत्या कानाने ऐकताना ती अधिक सखोल झाली. या फरकाशी मी बराच काळ अडखळलो आहे.

आणि मग ‘द हॉन्टिंग’.

कुणी मला एकच भयपट निवडायला सांगितला तर मी १९६३ चा रॉबर्ट वाइजचा हा सिनेमा निवडेन, आणि त्याबद्दल मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. वाइज म्हणजे ‘सिटिझन केन’चा संकलक, दिग्दर्शनाची पहिली संधी त्याला ल्यूटननेच दिली, ‘कॅट पीपल’च्या पुढच्या भागावर. दोन मोठ्या संगीतपटांच्या मधल्या काळात त्याने आपल्या त्या जुन्या गुरूची आठवण ठेवून हा कृष्णधवल सिनेमा केला. त्याने पॅनाव्हिजनकडून ३० मिलिमीटरची एक भिंग मागून घेतली. ती अजून पूर्ण झाली नव्हती, तिच्यातून चित्र कडांना वाकडे दिसत होते. हा दोष आपल्याला मान्य आहे असे वाइजने लिहून दिले, तेव्हा ती त्याच्या हाती आली. वाकडेपणा हवा होता म्हणूनच तर ती हवी होती! कॅलिगारीच्या चित्रकारांनी ब्रशने जे साधले ते वाइजने भिंगेने साधले. सिनेमातल्या झपाटलेल्या घराच्या भिंती सरळ आहेत, पण डोळा त्यांना सरळ मानायला तयार होत नाही. एका रात्री दोन बायका पलंगावर एकमेकींना बिलगून बसल्या आहेत आणि बाहेरून काहीतरी दारे ठोठावत बोळातून जवळ येते आहे. ते ठोठावणे अंगावर येते, थांबते, दाराची मूठ किंचित फिरते. पुढे एके ठिकाणी जाड लाकडी दार श्वास घेतल्यासारखे आत फुगते, आणि कुणीही आत येत नाही. दुसऱ्या एका रात्री त्या दोघींपैकी एलिनॉर अंधारात सोबतिणीचा हात घट्ट धरून भिंतीवरच्या नक्षीकडे पाहत राहते, आणि दिवा लागल्यावर तिला दिसते की सोबतीण खोलीच्या दुसऱ्या टोकाला आहे. हात कुणाचा होता, याचे उत्तर सिनेमा देत नाही. मला मात्र त्या हातापेक्षाही त्याआधीचा क्षण जास्त छळतो: आयुष्यभर आजारी आईची शुश्रूषा करत एकाकी झालेल्या त्या बाईला कुणाचा तरी हात मिळाला म्हणून बरे वाटले होते. भूत आहे की नाही या प्रश्नापेक्षा तिचे ते बरे वाटणे भयंकर आहे. चांगला भयपट माणसाच्या अशाच एखाद्या उघड्या जागेवर बोट ठेवतो, आणि मग घर, वादळ, सावल्या ही केवळ निमित्ते उरतात.

न दाखवणाऱ्यांची बाजू मी इतकी घेतली म्हणून दाखवणारे लहान ठरत नाहीत. जपानी दिग्दर्शक कोबायाशीच्या १९६४ च्या ‘क्वायदान’मध्ये आकाशसुद्धा रंगवलेले आहे, बर्फाच्या वादळावर आभाळातून प्रचंड डोळे पाहत असतात, आणि ते डोळे रंगाचे आहेत हे स्पष्ट दिसत असूनही मान खाली घालावीशी वाटते. आमच्या नाट्यपरंपरेतल्या रंगवलेल्या पडद्यांची सवय असलेल्या माणसाला हा जपानी सिनेमा परका वाटणारच नाही. संगीतकार तोरू ताकेमित्सूने त्याच्यासाठी लाकूड तडकल्याचे जे आवाज रचले, ते ऐकताना जुन्या वाड्यातल्या तुळया पावसाळ्यात कशा करकरतात ते मला आठवते. ‘द एक्झॉर्सिस्ट’ने १९७३ मध्ये जवळजवळ सगळेच दाखवले, पण त्यातही मला सर्वांत खरी वाटते ती माणसांच्या तोंडून निघणारी वाफ, त्यासाठी शयनगृहाचा सेट खरोखर गोठवणाऱ्या थंडीत ठेवला होता. आणि रोमेरोचा १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ तर अगदी तुटपुंज्या पैशांत, पिट्सबर्गच्या मंडळींनी गावाजवळच केलेला. त्यातला कृष्णवर्णीय नायक रात्रभर प्रेतांशी झुंजून वाचतो आणि सकाळी सुटकेला आलेल्या जिवंत माणसांच्या गोळीने मरतो. शेवटची चित्रे वर्तमानपत्रातल्या छायाचित्रांसारखी दाणेदार होत जातात, आणि आपण भयपट पाहत होतो याचाच विसर पडतो. प्रतींवर हक्काची नोंद करायची राहून गेल्यामुळे हा सिनेमा सर्वांसाठी खुला झाला. आज चालत्या प्रेतांच्या जितक्या कथा जगभर निघतात, त्या साऱ्यांना त्याने फुकटात वाट करून दिली.

रामसे बंधूंबद्दल माझ्या मनात दोन भावना एकत्र नांदतात. सात भावांनी छायाचित्रण, ध्वनी, संकलन, पटकथा आणि दिग्दर्शन आपापसात वाटून घेऊन, ‘दो गज जमीन के नीचे’पासून ‘पुराना मंदिर’पर्यंत एक संपूर्ण घरगुती कारखाना चालवला, याबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्यांचा राक्षस फार लवकर येतो, फार उजेडात येतो आणि आला की जातच नाही. पडद्यावरचा राक्षस जितका वेळ समोर राहतो, तितका तो मेकअपचा दिसू लागतो. याउलट राही अनिल बर्वेंच्या २०१८ च्या ‘तुंबाड’मध्ये राक्षस भरपूर दिसतो, तरी झिजत नाही, कारण त्याच्याआधी पाऊस आला आहे. अनेक पावसाळे थांबून चित्रित केलेला तो करडा, कधीही न थांबणारा पाऊस भिंतींत मुरलेला आहे. ते पाहताना आमच्याकडची जुलैतली ओल, न वाळणारे कपडे आणि कोंदट माजघराचा वास मला पडद्यावरून येतो. मराठी माणसाच्या हातून असा भयपट घडला, याचा आनंद माझ्या मनातून अजून ओसरलेला नाही.

अण्णांच्या त्या घट्ट झालेल्या हाताकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहतो. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात २०१३ मध्ये आला तो ज्यांच्या बलिदानानंतर आला, त्यांच्या विचारांवर आमचे घर वाढले. भानामतीच्या नावाने एखाद्या विधवेला वाळीत टाकणारे गाव आणि अमावास्येच्या धाकाने पैसे उकळणारा बुवा, यांची भीती माणसावर लादलेली असते. ती आपण मागितलेली नसते आणि ती खेळ संपल्यावर संपत नाही. म्हणून तिची युक्ती उघडी पाडावीच लागते. सिनेमाची भीती आपण तिकीट काढून, शेजारी बसलेल्या अनोळखी माणसांच्या सोबतीने, ठराविक वेळेपुरती मागून घेतो. तिथे फसवणूक नाही. पडदा कापडाचा आहे आणि सावली ब्रशने काढलेली आहे, हे करणाऱ्यालाही ठाऊक असते आणि पाहणाऱ्यालाही, आणि तरीही दोघे मिळून ती खरी करतात. १९७६ च्या ‘हा खेळ सावल्यांचा’मध्ये शेवटी भुतामागचे माणसाचे कारस्थान उघड होते, तसेच ‘महल’मध्येही होते. पूर्वी मला तो शेवट भुताशी केलेली प्रतारणा वाटायचा. आता तो मला प्रामाणिक वाटतो. कारण रहस्य उलगडल्यावरही त्या सिनेमातल्या रात्री कमी अंधाऱ्या होत नाहीत.

तेव्हा कुणी मला जुने भयपट सुचवायला सांगितले तर मी फक्त नावे सांगून थांबणार नाही, कसे पाहावेत हेही सांगेन. रात्री पाहावेत, मोठ्या पडद्यावर पाहावेत, निदान चांगल्या स्पीकरवर ऐकावेत, आणि शक्य तर दोघाचौघांनी मिळून पाहावेत. ‘कॅट पीपल’ ७३ मिनिटांचा आहे, सुरुवात त्यानेच करावी. त्यानंतर ‘सायको’ घ्यावा आणि तो न्हाणीघरातला प्रसंग एकदा आवाज बंद करून, एकदा डोळे मिटून अनुभवावा, म्हणजे हरमनने काय केले ते आपोआप समजते. मग ‘महल’, मग ‘क्वायदान’, आणि धीर झाला की ‘द हॉन्टिंग’. शाहू स्मारकमध्ये चांगले सिनेमे पाहण्याची सवय या शहराला आहेच. तिथल्या काळोखात शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने रोखून धरलेला श्वास ऐकू येतो आणि तो आपल्यालाही लागतो.

आणि कोल्हापुरात जी मुले चित्रकला शिकत आहेत, संध्याकाळी पंचगंगेच्या घाटावर जलरंगांत दीपमाळा काढत बसतात, त्यांनी या सगळ्यांच्या आधी ‘कॅलिगारी’ पाहावा. मूकपट आहे, संथ आहे, अभिनय आजच्या डोळ्याला अघळपघळ वाटेल, हे सगळे मान्य करून पाहावा. इंटरनेटवर त्याच्या पुष्कळ पुसट प्रती फिरतात, त्या टाळून २०१४ साली नव्याने दुरुस्त केलेली, मूळच्या पिवळसर-निळसर छटा परत आणलेली प्रत मिळवावी. त्या प्रतीत भिंतींवरच्या सावल्यांमध्ये ब्रशचे फटकारे वेगवेगळे मोजता येतात.